जागा भरलेली आहे

करंजदऱ्याच्या केशरबाईला राग यायला कारण लागत नाही, असं गावात म्हणायचे. साफ खोटं. कारणं एवढी होती की बाईचा राग पुरत नव्हता. नगर जिल्ह्याच्या पूर्वेला, दसरा झाला की निम्मं गाव कोयते घेऊन कारखान्यांच्या रस्त्याला लागतं, त्या कोरडवाहू पट्ट्यात डोंगराखाली हे गाव आहे. केशरबाई तिथली सरपंच. थेट जनतेतून निवडून आलेली, मागं बसून कुणी चालवावी अशी नव्हे. नवरा कधीच गेला होता, आणि पोरगा अजिनाथ आईपुढं मान वर करून बोलायचा नाही.

सरपंच होणं म्हणजे काय, ते निवडून आल्यावरच तिला कळलं. ठराव तिचा, पण तो लिहायला ग्रामसेवक हवा, आणि ग्रामसेवकाच्या गळ्यात चार गावं. तो यायचा बाजाराच्या दिवशी, तोही बाजार उठता उठता. तलाठ्याचं तर दर्शन झालं की लोक नवस फिटला म्हणायचे. शाळेत सगळ्या वर्गांना मिळून एक मास्तर, आणि त्यालाही मतदारयाद्यांच्या कामाला जुंपलेला. पंचायतीचा स्वतःचा म्हणावा असा माणूस एकच, भीमा. पाणी सोडणार भीमा, गटार काढणार भीमा, पंचायतीचं दार उघडणार आणि लावणारही भीमाच. गावाच्या हाती कारभार दिला म्हणे सरकारनं. दिला की. फक्त तो करायला माणसं द्यायची राहून गेली.

पण या सगळ्यांत तिला सलायचं ते आरोग्याचं उपकेंद्र. गावाच्या तोंडाशी गुलाबी रंगाची इमारत, आत बाळंतपणाचं टेबल, त्यावरचं प्लास्टिकसुद्धा अजून कुणी काढलेलं नाही. फीत कापली, पेढे वाटले, फोटो निघाले, आणि दाराला जे कुलूप लागलं ते लागलंच. किल्ली शेजारच्या गावच्या नर्सकडं असायची. तिच्याकडं तिचं गाव धरून तीन गावं, म्हणून ती लसीकरणाच्या दिवशी दार उघडायची आणि दुपारी लावून जायची.

गेल्या वर्षी केशरबाईची सून सत्यशीला अडली तेव्हा लसीकरणाचा दिवस नव्हता. जीप काढली. तालुक्याला जायचं तर मधे घाट, आणि घाटात खड्डे. पोर जीपमध्येच झालं. मुलगा होता. रडला नाही. केशरबाईनं त्याला आपल्या लुगड्याच्या पदरात गुंडाळलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, गाडी माघारी फिरव.

आता सत्यशीलाला पुन्हा आठवा लागला होता. रोज संध्याकाळी ती दारात बसून घाटाकडं बघायची. या खेपेला जीप नाही. काय वाट्टेल ते होवो, बाळंतपण त्या गुलाबी इमारतीतच झालं पाहिजे, एवढं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

तालुक्याला सरपंचांची बैठक होती. तिथं ती उभी राहिली.

"आमच्या उपकेंद्राला नर्स कधी देताय?"

समोरच्या बाबूनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "जागा भरलेली आहे, मॅडम. मेहरीन शेख, आरोग्यसेविका. तीन वर्षं झाली."

"कुठं भरलेली हाय? आमी तर तिचं तोंडबी पाहिलं न्हाई."

"ती प्रतिनियुक्तीवर आहे, नगरला. म्हणजे काम तिकडं, पण पगार तुमच्या गावच्या जागेवर निघतो. जागा रिकामी असती तर दुसरी मागता आली असती."

"म्हंजे लगीन आमच्याशी, नांदती दुसरीकडं, आन् आमी दुसरी करायची न्हाई."

अख्खी बैठक हसली. केशरबाई हसली नाही. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. घरी आल्यावर तिनं फडक्यात भाकरी-चटणी बांधली आणि सुनेला म्हणाली, "उद्या मी नगरला चालले. मुराळी म्हनून."

मुराळी म्हणजे सासरी अडकलेल्या लेकीला माहेरी आणायला जातो तो. भाऊ जातो, नाहीतर बाप जातो. सासरच्यांनी खळखळ केली तर मुराळी ओसरीवर बसून राहतो, त्यांच्या घरचा चहासुद्धा घेत नाही, आणि लेक पाठीशी घेतल्याशिवाय उठत नाही. बाई कधी मुराळी गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. सत्यशीला कितीतरी दिवसांनी हसली. "आत्या, कुनाचं डोकं फोडू नका म्हंजे झालं," ती म्हणाली.

एसटीत बसल्यापासून केशरबाईनं शिव्या रचायला घेतल्या. नगर येईस्तोवर चांगला भारा झाला होता. कचेरीत विचारत विचारत ती एका खोलीत शिरली. फायलींच्या दोन ढिगांमधे एक किडकिडीत बाई डोक्यावर ओढणी घेऊन बसली होती, कानाला फोन, बोटं कॉम्प्युटरवर.

"तूच का मेहरीन शेख?"

"हो. बसा ना."

केशरबाई कशाला बसतेय. तिनं भारा सोडला. फुकटचा पगार खाताना घास कसा उतरतो तुझ्या घशाखाली, पंख्याखाली बसून बोटं बडवायची तर नर्स कशाला झालीस, तुझ्यासारखीला गावानं पोसायचं आणि गावच्या बायांनी घाटात मरायचं, असं सगळं एका दमात. मेहरीननं फोन खाली ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"कुठल्या गावच्या तुम्ही, मावशी?"

"करंजदरा. तुझंच गाव की ते. इसरली व्हय?"

मेहरीन उठली आणि स्वतःची खुर्ची तिच्यापुढं सरकवली. "महिन्याभरासाठी म्हणून आणलं होतं मला. इथला क्लार्क रिटायर झाला, त्याच्या जागी कुणी आलंच नाही. मला कॉम्प्युटर येतो हे कुणीतरी साहेबांना सांगितलं. सोडा मला, असे किती अर्ज केले विचारू नका. मी बाळंतपणं करायला शिकले, मावशी. तीन वर्षांत एका पोराला हात लावला नाही."

"मंग करतीस काय हितं?"

"जिल्हाभरची बाळंतपणं टाईप करते. कुठं किती झाली, किती पोरं जगली, किती गेली."

"आमचं गेलं गेल्या साली," केशरबाई म्हणाली. एवढ्या शिव्या दिल्या तेव्हा आवाज कापला नव्हता, तो आता कापला. "घाटात. नातू हुता."

मेहरीन तिच्याजवळ वाकली. मग म्हणाली, "दिवाळीच्या आधी ना? जीपमध्ये?"

"तुला कसं ठावं?"

"ती नोंद मीच भरली. गावाचं नाव बघून हात थांबला होता माझा. फोन वाजला, मग पुढचं गाव घेतलं." तिचे डोळे भरून आले होते आणि ती पुसत नव्हती.

केशरबाईचा राग जागच्या जागी थबकला. विझला नाही, विझायची तिच्या रागाला सवय नव्हती. इतका वेळ चुकीच्या दारात उभं राहून आपण बोंबलत होतो एवढं तिला कळलं. "तुझा सासरा कुठं बसतो?" तिनं विचारलं.

सासरा म्हणजे साहेब. त्यांच्या दारावर पाटी एकाची, आत बसलेले दुसरेच. खरे साहेब बदलून गेले होते, नवे आले नव्हते, हे प्रभारी होते. त्यांच्याकडं स्वतःचं टेबल धरून तीन टेबलं होती आणि तिन्हींचे फोन एकदमच वाजत होते. माणूस वाईट नव्हता. दमलेला होता, आणि दमलेल्या माणसाला समोरचं माणूस दिसेनासं होतं.

"सरपंचबाई, तुमचं सगळं पटतं मला," साहेब म्हणाले. "पण ही गेली तर जिल्ह्याचा रिपोर्ट कोण पाठवणार? रिपोर्ट गेला नाही तर मला वर जाब द्यावा लागतो. मला तरी कुठं माणसं देतात?"

"काय आसतं त्या रिपोर्टात?"

"हेच. माता किती, बालमृत्यू किती."

"म्हंजे पोरं किती मेली ते मोजायला नर्स हाय. मरू नयेत म्हनून न्हाई."

साहेबांनी कपाळ चोळलं आणि चहा सांगितला. केशरबाईनं तो परत धाडला, आणि त्यांच्या दारासमोरच फरशीवर मांडी घातली. येणारे जाणारे तिला वळसा घालून जाऊ लागले. तिनं फडकं सोडून भाकरी खाल्ली. कुणीतरी म्हणालं, ताई, इथं बसू नका. ती म्हणाली, माझी लेक आत हाय, घेतल्याबिगर उठायची न्हाई.

दुपार कलायच्या आत मेहरीन पर्स घेऊन बाहेर आली. "चला, मावशी."

साहेब दारात आले. "ऑर्डरशिवाय जाताय. परिणाम काय होतील माहीत आहे ना?"

"सर, माझी ऑर्डर करंजदऱ्याचीच आहे. नोकरीला लागले त्या दिवशीची." एवढं म्हणून ती चालू लागली.

गावात आनंदीआनंद झाला. शेजारच्या नर्सनं किल्ली आणून दिली आणि जाताना मेहरीनचे दोन्ही हात धरले. एका गावाचं ओझं कमी झालं होतं तिचं. भीमानं इमारत धुऊन काढली. टेबलावरचं प्लास्टिक फाडलं तेव्हा आशाताई छबूबाईनं उगाचच टाळ्या वाजवल्या. मेहरीनला राहायला केशरबाईनं आपल्याच घरची पुढची खोली दिली. पहिली तपासणी सत्यशीलाची. मेहरीननं तिच्या पोटाला लावलेल्या यंत्राचा आवाज खोलीभर ऐकवला, आणि नातवंडाच्या काळजाचे ठोके ऐकून केशरबाई बाहेर जाऊन तोंड धुऊन आली.

ऑर्डर आली ती मोबाईलवर. घेऊन यायला माणूस कुठं होता सरकारकडं? परवानगीवाचून जागा सोडली म्हणून मेहरीन शेख निलंबित. निलंबनाच्या काळात तिनं कुठं राहायचं तेही वरून ठरतं, त्याला मुख्यालय म्हणतात. साहेबांनी रागारागानं मुख्यालय दिलं होतं करंजदरा. तुम्हाला गाव एवढं आवडतं ना, बसा मग तिथंच. तिनं गाव सोडायचं नाही, रोज पंचायतीत हजेरी द्यायची, आणि कामाला हात लावायचा नाही. उपकेंद्राची किल्ली पुन्हा शेजारच्या नर्सकडं. ती बिचारी किल्ली घ्यायला आली तेव्हा मान खाली घालूनच होती.

केशरबाईनं फोन लावला. "साहेब, हिला घरी बसवलीय न्हवं? मंग आमाला दुसरी द्या."

"निलंबित माणसाची जागा रिकामी धरत नाहीत, सरपंचबाई. जागा भरलेली आहे."

झालं. असून अडचण, नसून खोळंबा. तीन वर्षं नर्स नव्हती, आता होती तर तिचे हात बांधलेले. मेहरीन सकाळी पंचायतीत सही करायची आणि कुलूपबंद उपकेंद्राच्या पायरीवर जाऊन बसायची. बायका यायच्या, कुणाचं पाऊल सुजलेलं, कुणाला चक्कर. "मला हात लावता येत नाही गं," ती सांगायची आणि ओठ चावायची. चौकशी व्हायची होती. त्यात पुन्हा काही सापडलं तर नोकरीच जाणार होती, आणि नगरात तिच्या पगारावर आई आणि धाकटा भाऊ होते. केशरबाईला हे सगळं माहीत होतं. पायरीवर बसलेली ती पोर बघितली की तिला कुणाचा तरी गळा धरावासा वाटायचा, आणि गळा सापडायचा नाही.

सत्यशीलाच्या कळा भर दुपारी सुरू झाल्या, दिवस भरायच्या आधीच. अजिनाथ उसाच्या ट्रकवर, कुठल्या कुठं. अँब्युलन्सला फोन केला. जवळची गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली, आणि दुसऱ्या गाडीला ड्रायव्हर नव्हता. शेजारच्या नर्सचा फोन लागत नव्हता. कुणीतरी जीप आणून दारात उभी केली. जीप बघताच सत्यशीलानं चौकट धरली.

"आत्या, जीपमधी न्हाई. हितं मेले तर मेले, पन जीपमधी न्हाई."

केशरबाईनं भीमाकडं हात केला. "पहार दे."

"सरकारी कुलूप हाय, सरपंच," भीमा म्हणाला.

"सरकार दिसतंय का रं कुठं? दिसलं तर इचार त्याला."

भीमानं पहार दिली. पहिल्या घावाला कुलूप नुसतं वाजलं. दुसऱ्या घावात जीपचा घाट होता, तिसऱ्यात पदरात गुंडाळलेलं ते पोर, आणि कोयंडा लाकडासकट निखळून खाली पडला. बायकांनी सत्यशीलाला आत नेऊन टेबलावर घातलं.

मेहरीन पायरीपाशी उभी होती, पांढरीफटक. केशरबाईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू उंबऱ्याच्या भाईर बस, पोरी. हात लावू नगंस. नुसतं तोंडानं सांग, छबूबाई करंल. बोलायची बंदी न्हाई तुला."

तसंच झालं. मेहरीन आतल्या दाराच्या उंबऱ्याबाहेर बसली आणि तिथून सांगत राहिली. हात धुवा, हातमोजे घाला, आता जोर लावू देऊ नका, आता लाव गं बाई, शाब्बास. छबूबाई आशा स्वयंसेविका होती. बाईला दवाखान्यापर्यंत पोचवणं हे तिचं काम, बाळंतपण करणं नव्हे. तरी ती करत राहिली. केशरबाईनं सुनेचं डोकं छातीशी धरलं होतं.

पोर बाहेर आलं. मुलगी. निळसर, आणि गप्प.

तो गप्पपणा केशरबाईच्या ओळखीचा होता. घाटात ऐकला होता तिनं. छबूबाई पोरीला हातात घेऊन नुसती बघत राहिली. केशरबाईनं दाराकडं पाहिलं. मेहरीनला हाक तिच्या गळ्यापर्यंत आली आणि तिथंच राहिली. मेहरीनची भाकरी होती ती. दुसऱ्याची भाकरी मागायची कशी, तेही ज्या पोरीला आपणच उठवून आणली तिची?

हाक मारावी लागली नाही. मेहरीन उंबरा ओलांडून आत आली होती. तिनं पोरीला घेतलं, बोटाला कापड गुंडाळून तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळपायाला टिचक्या मारल्या. मग कपाट उघडून, वर्षानुवर्षं पिशवीतच पडून असलेला, श्वास द्यायचा रबरी फुगा काढला आणि त्या इवल्या तोंडावर धरून दाबू लागली. तोंडानं काही पुटपुटत होती, दुवा असेल. केशरबाई खंडोबाला बोलावत होती. सत्यशीला पुन्हा पुन्हा विचारत होती, रडत का न्हाई, आत्या, ती रडत का न्हाई.

मग ती रडली. आधी मांजरीच्या पिलासारखं, आणि मग असं की बाहेर पायरीवर बसलेल्या भीमानं ऐकलं आणि डोक्याची टोपी काढून हातात घेतली. मेहरीन भिंतीला पाठ लावून खाली बसली. आपल्या हातांकडं ती बराच वेळ बघत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरळा उडवत गावात एक जीप आली, तिच्यामागं दुसरी. सरकारी इमारतीचं कुलूप फोडल्याची खबर कुणीतरी वर पोचवली होती. पहिल्या जीपमधून नगरचे प्रभारी साहेब उतरले. त्यांच्याबरोबर तालुक्याचे डॉक्टर, जे करंजदऱ्यानं कधी पाहिले नव्हते. क्लार्क. फोटो काढायला एक माणूस. दुसऱ्या जीपमधून हवालदार, आणि पंच म्हणून ग्रामसेवक आणि तलाठी, दोघे एकत्र, बाजाराचा दिवस नसताना. दोन्ही जीपांना ड्रायव्हर होते. गाव गोळा होऊन बघत राहिलं.

निखळलेल्या कोयंड्याचा फोटो निघाला. पहारेचा फोटो निघाला. क्लार्कनं मांडीवर कागद घेतला आणि पंचनामा लिहायला बसला. निलंबित असताना काम केल्याची दुसरी नोटीस साहेबांनी मेहरीनच्या हातात दिली. तिनं ती घेतली, घडी केली, आणि सत्यशीलाचा ताप बघायला आत गेली. तिला कुणी अडवलं नाही.

"कुलूप कुणी फोडलं?" हवालदारानं विचारलं.

"म्या," केशरबाई पुढं झाली. "केशरबाई, सरपंच, करंजदरा. नीट ल्ह्या. नर्सबाईला म्या आनली, कुलूप म्या फोडलं. तिच्या कागदावर माझं नाव घाला, माझ्या कागदावर तिचं घालू नका."

"शासकीय मालमत्तेचं नुकसान आहे, सरपंचबाई," साहेब म्हणाले, पण त्यांचा आवाज तितका चढला नाही. आतून पोरीचं रडणं ऐकू येत होतं. त्यांनी एकदा तिकडं बघितलं आणि मान वळवली.

केशरबाई त्यांच्याशी बोलत नव्हतीच. ती उतरलेल्या माणसांकडं बघत होती, एकेकाकडं, डॉक्टरपासून ड्रायव्हरपर्यंत. काल दुपारी यातला एक ड्रायव्हर मागितला होता तिनं. यातला एक डॉक्टर गेल्या साली घाटात हवा होता.

"एवढी मानसं व्हती व्हय तुमच्याकडं?" ती म्हणाली.

क्लार्कचं पेन थांबलं. केशरबाईनं खाली वाकून पहार उचलली, पदरानं पुसली आणि भीमाच्या हातात दिली.

"घरी नेऊ नगंस. पंचायतीत ठेव," ती म्हणाली. "आन् जरा बघून ये, तलाठी कचेरीचं कुलूप केवढं हाय. मंग शाळंचं बघू."